आय ट्रॅकरचं कॅलिब्रेशन यंत्रावर किती सोडावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वाचनावरचा प्रयोग, ४० सहभागी, प्रत्येकाचे ६ ब्लॉक (टप्पे), नजर कुठे आहे हे टिपणारा आयलिंक १००० प्लस हा आय ट्रॅकर आणि पायथनमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम. प्रत्येक ब्लॉकआधी उठून होस्ट पीसीकडे, म्हणजे ट्रॅकर चालवणाऱ्या संगणकाकडे, जायचं, सी दाबून कॅलिब्रेशन सुरू करायचं (सहभागी ठिपक्यांकडे बघतो आणि यंत्र त्याची नजर ओळखायला शिकतं), ठिपके संपेपर्यंत थांबायचं, व्ही दाबून व्हॅलिडेशन घ्यायचं (यंत्राने ओळखलेली नजर किती चुकते ते तपासायचं), आकडा बघायचा, पटला तर एंटर, नाही तर पुन्हा पहिल्यापासून. मदतीला कोणी नाही. हे सगळं स्क्रिप्टमधून आपोआप करता येईल का, आणि चूक ०.५ अंशाच्या (ती डोळ्यापाशी होणाऱ्या कोनात मोजतात) वर गेली तर कॅलिब्रेशन आपलं आपण पुन्हा सुरू होईल का?

होईल. मी स्वतः बरीच वर्षं असंच काम करते आहे. पण आधी एक हिशोब मांडू. ४० गुणिले ६ म्हणजे २४० कॅलिब्रेशन. नऊ ठिपक्यांचं कॅलिब्रेशन आणि त्यामागचं व्हॅलिडेशन मिळून एक मिनिट धरलं, तर अख्ख्या अभ्यासात चार तास जातात. चार तास वाचवायला तुम्ही स्क्रिप्ट लिहिण्यात आणि तिच्यातल्या चुका शोधण्यात दोन आठवडे घालवणार असाल तर व्यवहार आतबट्ट्याचा आहे. माणूस नीट बसवणं, कॅमेरा फोकस करणं, चष्म्यावरची चमक घालवणं यात खरा वेळ जातो, आणि त्यातलं काहीही स्क्रिप्ट करत नाही.

तरीही हे काम यंत्राकडे द्यावं असंच मी सांगेन. वेळेपेक्षा निवाड्यासाठी. सकाळी दहा वाजता पहिल्या सहभागीचं व्हॅलिडेशन ०.७ आलं की आपण नाक मुरडतो आणि पुन्हा करायला लावतो. संध्याकाळी साडेपाचला सातवा माणूस समोर असतो, बाहेर आठवा थांबलेला असतो, आणि तोच ०.७ आपल्याला 'चालेल' वाटतो. माझ्या जुन्या वहीत अशा 'चालेल'च्या नोंदी दुपारनंतरच्याच जास्त आहेत. त्यातून कोणता गट कोणत्या वेळी बोलावला जातो याचा ताळमेळ चुकला, की मोजमापाची चूक थेट प्रयोगाच्या निकालात शिरते.

म्हणून 'आपोआप' या शब्दात अडकलेली तीन कामं आधी सुटी करू. पहिलं, माणसाला यंत्रासमोर बसवून डोळ्याची प्रतिमा नीट मिळवणं. दुसरं, ठिपका कधी पुढे सरकवायचा हे ठरवणं. तिसरं, आलेलं कॅलिब्रेशन ठेवायचं की टाकायचं याचा निवाडा. पहिलं तुमच्याकडेच राहू द्या. दुसरं सहभागीकडे द्या. तिसरं पूर्णपणे स्क्रिप्टकडे.

दुसऱ्यापासून सुरुवात करते, कारण तिथे बहुतेकांचा अंदाज उलटा असतो. ठिपक्यांची चाल सॉफ्टवेअरने ठरवली की काम अचूक होईल असं वाटतं. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या निस्ट्रोम, अँडरसन, होल्मक्विस्ट आणि व्हान द वायर यांनी २०१३ साली हेच तपासलं. 'मी आता ठिपक्याकडे बघतोय' हे सहभागीने स्वतः बटण दाबून सांगितलं तर डेटा सर्वांत चांगला येतो, ऑपरेटरने किंवा सॉफ्टवेअरने ठरवलं तर तेवढा येत नाही, असं त्यांना आढळलं. विचार केला तर यात नवल नाही. ठिपका हलल्यावर डोळा तिकडे निघायलाच साधारण २०० मिलिसेकंद लागतात, पहिली उडी बऱ्याचदा थोडी आधीच संपते, मग एक छोटी दुरुस्तीची उडी होते, मध्येच पापणी लवते. आपण नेमके कधी स्थिरावलो हे त्या माणसाइतकं कोणालाच कळत नाही. घड्याळाला तर नाहीच.

आयलिंकमध्ये हे सोपं आहे. ऑटोमॅटिक कॅलिब्रेशन बंद करा आणि गेमपॅडच्या ५ क्रमांकाच्या बटणाला 'अ‍ॅक्सेप्ट टार्गेट फिक्सेशन' हे, म्हणजे ठिपक्यावरची नजर स्वीकारण्याचं, काम नेमून द्या. ही आज्ञा स्क्रिप्टच्या सुरुवातीला एकदा पाठवली की पुरते. तुम्ही ऑटोमॅटिक चालू ठेवूनही बघितलं असेल, आणि तेव्हा पहिला ठिपका हलतच नाही असं दिसलं असेल. तो बिघाड नव्हे. ऑटोमॅटिकमध्येही पहिला ठिपका कोणीतरी हाताने स्वीकारावा लागतो, पुढचे मग ठरलेल्या वेळाने सरकतात. बटण सहभागीच्या हातात दिलं की हा अडथळाही उरत नाही.

एक खबरदारी मात्र घ्या. माणसं बटण दाबतात त्याच क्षणी, कधी त्याच्या किंचित आधीच, नजर पुढच्या ठिपक्याच्या शोधात काढून घेतात. 'दाबल्यावरही ठिपका नाहीसा होईपर्यंत बघत राहा' हे वाक्य माझ्या सूचनांमध्ये ठळक असतं, आणि मी ते तोंडीही सांगते. शिवाय ठिपक्यांचा क्रम यादृच्छिक ठेवा. डावीकडून उजवीकडे ओळीने गेलात तर तिसऱ्या ठिपक्यापासून लोक तुमच्या आधी पोचू लागतात.

ठिपका कसा असावा? त्याच वर्षी थेलर आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळे आकार तोलून बघितले. गोल, त्यावर अधिकच्या चिन्हासारखी फुली आणि मधोमध बारीक ठिपका, या जोड-आकारावर नजर सर्वांत स्थिर राहते असं त्यांना दिसलं. बाहेरचं वर्तुळ ०.६ अंश आणि आतला ठिपका ०.२ अंश हे माप मी वापरते. मोठा भरीव गोळा देऊ नका. गोळा म्हटला की त्यात कुठे बघायचं हे माणूस ठरवतो, आणि तुमच्या यंत्राला वाटतं तो मध्यावरच बघतोय. अगदी लहान मुलांच्या बाबतीत हे सगळं गुंडाळून ठेवावं लागतं. तिथे हलणारं, वाजणारं चित्र लागतं आणि ठिपका पुढे सरकवायला माणूसच लागतो.

आता पायथनची अडचण. पायलिंक या आयलिंकच्या पायथन लायब्ररीमधलं 'डू ट्रॅकर सेटअप' एकदा बोलावलं की तुमची स्क्रिप्ट तिथेच थांबून राहते, एस्केप दाबून बाहेर पडेपर्यंत पुढची ओळ चालत नाही. म्हणून 'आता सी दाब, आता व्ही दाब' हे कुठून सांगायचं असा पेच पडतो. याला वाट आहे. ठिपके काढण्यासाठी तुम्ही जो ग्राफिक्सचा क्लास वापरता त्यात 'गेट इनपुट की' नावाची मेथड असते. ट्रॅकर सेटअपमध्ये असताना ती सारखी बोलावली जाते आणि 'कोणती कळ दाबली का?' असं विचारत राहते. ती खऱ्या कीबोर्डच्या कळा परत देते, तशाच तुम्ही ठरवलेल्या कळाही देऊ शकते. एक रांग ठेवा: सी, कॅलिब्रेशन संपल्यावर एंटर, शेवटी एस्केप. खरा कीबोर्डही चालू ठेवा, म्हणजे गडबड झाली तर तुम्हाला मध्ये पडता येईल. आणि हो, कळा दाबायला होस्ट पीसीपर्यंत उठून जायची गरज मुळातच नाही. डिस्प्ले पीसीवर, म्हणजे सहभागीला ठिपके दाखवणाऱ्या संगणकावर, दाबलेली कळ केबलमधून ट्रॅकरपर्यंत पोचते. तुमची अर्धी पायपीट एवढ्यानेच थांबेल.

या रांगेत मी व्ही ठेवलेला नाही हे लक्षात आलं असेल. व्हॅलिडेशन मी स्वतःचं करते. कॅलिब्रेशनमधून बाहेर पडायचं, रेकॉर्डिंग सुरू करायचं, आणि आपल्याच प्रोग्रॅममधून ठिपके दाखवून आपणच चूक मोजायची. यामागे माझी दोन कारणं आहेत. एक तर प्रत्येक ठिपक्याची आडवी आणि उभी चूक वेगवेगळी, मूळ नमुन्यांसकट (ट्रॅकरने क्षणोक्षणी टिपलेल्या नजरेच्या जागांसकट) हातात राहते, आणि उद्या ट्रॅकर बदलला तरी हा भाग तसाच चालतो. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं. व्हॅलिडेशनचे ठिपके जर कॅलिब्रेशनच्याच जागांवर असतील, तर ज्या बिंदूंवरून सूत्र बसवलं तिथेच आपण ते तपासतो. गणिताच्या सरांनी फळ्यावर सोडवलेलंच उदाहरण परीक्षेत घातल्यासारखं ते होतं. मी चार-पाच ठिपके मधल्या जागांवर ठेवते, जिथे कॅलिब्रेशनचा ठिपका नव्हता, आणि त्यातले दोन तरी जिथे मजकूर येणार आहे त्या पट्ट्यात.

प्रत्येक ठिपक्यासाठी बटण दाबण्याच्या आधीचा छोटा तुकडा घ्यायचा, साधारण २५० मिलिसेकंदांचा, तोही अगदी दाबण्याच्या क्षणाला भिडलेला नको. त्या तुकड्यातल्या नमुन्यांचा मध्यक काढा, सरासरी नको, कारण पापणी लवल्याचे दोन-चार वेडे नमुने सरासरीला कुठच्या कुठे ओढतात. मग मध्यक आणि ठिपका यांतलं अंतर अंशांत बदला. त्यासाठी डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतचं अंतर फूटपट्टीने, खरोखर मोजा. ६० सेंटीमीटरवर एक अंश म्हणजे सुमारे १.०५ सेंटीमीटर. २४ इंची, १९२० पिक्सेल रुंदीच्या स्क्रीनवर ते साधारण ३८ पिक्सेल होतात. म्हणजे तुमचा अर्धा अंश हा १९ पिक्सेलचा.

इथून तुमच्या ०.५ च्या प्रश्नाकडे येऊ. सरासरी ०.५ च्या आत आणि कोणताही एक ठिपका १ अंशाच्या वर नाही, ही मर्यादा आयलिंक वापरणाऱ्यांमध्ये रुळलेली आहे आणि सुरुवात म्हणून ठीक आहे. पण मर्यादा प्रयोगावर अवलंबून असते. चेहरा डावीकडे आणि झाड उजवीकडे, एवढंच बघायचं असेल तर एक अंशाने काही बिघडत नाही. तुम्ही वाचनावर काम करता. तुमचं अक्षर २० पिक्सेल रुंद असेल तर अर्धा अंश म्हणजे जवळजवळ एक अख्खं अक्षर, आणि 'नजर शब्दाच्या कितव्या अक्षरावर पडली' हा तुमचा प्रश्न असेल तर ०.५ ही मर्यादा सैल आहे. 'कोणता शब्द किती वेळ बघितला' एवढाच असेल तर पुरेशी आहे.

देवनागरी असेल तर उभ्या चुकीकडे वेगळं बघा. वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार, त्यामुळे ओळ मुळातच जाड असते. आणि व्हिडिओवर चालणाऱ्या ट्रॅकरमध्ये उभी चूक बहुधा आडवीपेक्षा जास्त येते, कारण वरची पापणी बाहुलीचा माथा झाकते आणि खाली बघताना ती आणखी उतरते. एकच सरासरी आकडा बघितला तर हे दिसत नाही. उभी चूक एक अंश असेल तर लागोपाठच्या दोन ओळींत दोन अंशांपेक्षा कमी अंतर ठेवून भागत नाही, नजर वरच्या ओळीवर होती की खालच्या हेच सांगता येणार नाही. माझ्याकडे अनेक ओळींचा मजकूर असतो तेव्हा आडव्या चुकीची मर्यादा वेगळी आणि उभ्या चुकीची वेगळी, अशी दोन आकड्यांची अट असते.

आता निवाडा. यात माझं एकदा चांगलंच हसं झालं आहे, ते आधी सांगते. पहिली आपोआप चालणारी स्क्रिप्ट लिहिली तेव्हा तिच्यात तुम्ही विचारलंत तेच होतं: मर्यादेबाहेर गेलं की पुन्हा कॅलिब्रेशन. किती वेळा, ते लिहिलं नव्हतं. मी शेजारच्या खोलीत दुसरं काम करत बसले. एक लाजाळू मुलगा आत होता. बऱ्याच वेळाने दार किलकिलं करून त्याने विचारलं, "मॅडम, अजून किती ठिपके आहेत?" लॉग बघितला तर अकरा वेळा कॅलिब्रेशन झालेलं. डोळे लाल, पाणी येतंय, आणि प्रत्येक फेरीचा आकडा आधीच्यापेक्षा वाईट. कारण काय, तर खुर्ची. गॅसवर वरखाली होणारी फिरती खुर्ची होती आणि ती हळूहळू खाली बसत होती. हनुवटी टेकूवर, खुर्ची खाली, त्यामुळे कपाळ वरच्या पट्टीपासून मिनिटागणिक सुटत चाललेलं. दारातून डोकावणाऱ्या कोणालाही हे पाच सेकंदांत दिसलं असतं. स्क्रिप्टला फक्त आकडा दिसत होता.

त्या दिवसापासून लॅबमध्ये चार पायांची, चाकं नसलेली लाकडी खुर्ची आहे. आणि स्क्रिप्टमध्ये तीन प्रयत्नांची मर्यादा आहे.

तीन प्रयत्न म्हणजे तेच तीनदा नव्हे. चूक कशी दिसते त्यावर पुढची पायरी ठरते. सगळे ठिपके एकाच दिशेला, सारख्याच अंतराने सरकलेले असतील तर बहुतेक वेळा डोकं हललंय: माणसाला नीट टेकायला सांगा आणि पूर्ण कॅलिब्रेशन नव्याने घ्या. एकच कोपरा वाईट असेल, बाकी उत्तम, तर तेवढ्या ठिपक्याच्या वेळी नजर भरकटली असण्याची शक्यता जास्त. तो एक ठिपका पुन्हा तपासा, तेव्हाही वाईट आला तरच कॅलिब्रेशन काढा. वरच्या ओळीतले किंवा खालच्या ओळीतले सगळे ठिपके वाईट असतील तर पापणी, पापणीचे केस किंवा चष्म्याची कडा. आणि नमुनेच मिळत नसतील, बाहुली सारखी हरवत असेल, तर पुन्हा कॅलिब्रेशन करून काही होणार नाही. त्या क्षणी स्क्रिप्टने थांबावं, सहभागीला 'थोडं थांबा, डोळे मिटून विश्रांती घ्या' असं दाखवावं आणि तुम्हाला हाक मारावी. माझ्याकडे शेजारच्या खोलीत एक घंटी वाजते. सहभागीच्या खोलीत ती ऐकू जाऊ नये, नाही तर प्रत्येक घंटीला त्याला आपण नापास झालो असं वाटतं.

यंत्राला न दिसणाऱ्या गोष्टींची यादी आपल्याकडे थोडी निराळी आहे. काजळ आणि मस्कारा. ट्रॅकर इन्फ्रारेड उजेडात बघतो आणि बाहुली शोधतो ती गडद डाग म्हणून, आणि काजळाची रेघ इन्फ्रारेडमध्येही गडदच राहते. खाली बघितलं की यंत्र बाहुली सोडून पापणीची कड पकडतं. लुंडच्या त्याच अभ्यासात मस्काऱ्याचा डेटावर परिणाम होतो हे आकडेवारीने दाखवलेलं आहे. म्हणून बोलावण्याच्या मेसेजमध्येच 'काजळ, मस्कारा लावून येऊ नये' असं लिहायचं, आणि तरी लावून आलं कोणी तर ओले टिश्यू हाताशी ठेवायचे. आपल्या गडद डोळ्यांमुळे अडचण येईल ही भीती मात्र खोटी. दिसायला काळं-तपकिरी असलेलं बुबुळ इन्फ्रारेडमध्ये चांगलं उजळ दिसतं आणि काळी बाहुली त्यावर उठून येते. प्रोग्रेसिव्ह चष्मेवाले काका-काकू जवळचं वाचायला हनुवटी वर करतात, टेकूवर असतानाही करू बघतात. त्यांना शक्य असेल तर फक्त वाचनाचा साधा चष्मा घेऊन यायला सांगा. डोकं टेकूवर न ठेवता चालणाऱ्या रिमोट मोडमध्ये कपाळावर लावायच्या स्टिकरला 'ही टिकली कशाला?' असं दर दुसरं माणूस विचारतं, त्याचं उत्तर तयार ठेवा.

ऊन हाही असाच एक छुपा चोर. पश्चिमेला खिडकी असलेल्या एका खोलीत माझं सकाळचं सगळं कॅलिब्रेशन झकास यायचं आणि चारनंतर कोणालाच ०.८ च्या खाली आणता यायचं नाही. पडदा होता, पातळ होता. उन्हात भरपूर इन्फ्रारेड असतं आणि ट्रॅकर त्याच उजेडात बघतो. पडद्याच्या फटीतून आलेली एक तिरीप चष्म्यावर पडली की कॉर्नियावरच्या प्रतिबिंबाला, म्हणजे ट्रॅकरच्या दिव्याच्या डोळ्यावर दिसणाऱ्या चमकेला, सोबती मिळतो. जाड काळा पडदा लावल्यावर चारनंतरची साडेसाती गेली. तुमच्या स्क्रिप्टने प्रत्येक व्हॅलिडेशनची वेळ लिहून ठेवली तर असे चोर आठवड्याभरात सापडतात. माझा मात्र जवळपास महिना गेला, कारण तेव्हा वेळ लिहीत नव्हते.

पडद्याचा विषय निघालाच आहे तर स्क्रीनच्या उजेडाचंही. काळ्या पार्श्वभूमीवर कॅलिब्रेशन आणि मग पांढऱ्या पानावर वाचन, हे करू नका. उजेड बदलला की बाहुली लहान-मोठी होते, आणि होताना तिचा केंद्रबिंदू किंचित सरकतो. डोळा न हलता नजर सरकल्यासारखी दिसते, अर्धा-एक अंश सहज. कॅलिब्रेशनच्या ठिपक्यांमागे प्रयोगात असेल तोच रंग ठेवा. यात कष्ट काही नाहीत, तरी विसरणारे खूप आहेत.

आतापर्यंतचा क्रम एका दमात सांगायचा तर: तुम्ही माणूस बसवता आणि कॅमेरा लावता, स्क्रिप्ट पाच सेकंद मधला ठिपका दाखवून बाहुली आणि प्रतिबिंब सतत मिळतंय का बघते, सहभागी बटणाने नऊ ठिपके पार करतो, स्क्रिप्ट मधल्या जागांवर स्वतःचं व्हॅलिडेशन घेते, चुकीचं स्वरूप बघून पुढची पायरी निवडते, आणि तिसऱ्या प्रयत्नानंतर तुम्हाला बोलावते. तुम्ही येऊनही आकडा मर्यादेत आला नाही तर काय, हे प्रयोग सुरू होण्याआधी लिहून ठेवलेलं हवं. मी अशा सहभागीचा ब्लॉक घेते, त्यावर खूण करते आणि विश्लेषणात ठेवायचा की नाही ते आधी ठरवलेल्या नियमाने ठरतं. माणूस तासभर प्रवास करून आलेला असतो, त्याला पहिल्या दहा मिनिटांत परत पाठवणं मला जमत नाही. काही लॅब सरळ परत पाठवतात, तेही चूक नाही.

आता एक गोष्ट जी आपोआप पुन्हापुन्हा करणाऱ्या कोणत्याही स्क्रिप्टमध्ये लपलेली असते आणि शोधनिबंधांचे परीक्षक क्वचितच विचारतात. व्हॅलिडेशनचा आकडा हाही एक मोजमापच आहे, आणि मोजमाप वरखाली होतं. समजा एखाद्याची खरी चूक ०.६ आहे. एकदा ०.७ येईल, एकदा ०.६५, आणि तिसऱ्यांदा नशिबाने ०.४८. स्क्रिप्ट ०.४८ वर थांबेल आणि तुम्ही शोधनिबंधात ०.४८ लिहाल. मर्यादेत येईपर्यंत फासे टाकत राहिलं की स्वीकारलेला आकडा खऱ्यापेक्षा चांगलाच दिसणार. प्रयत्न जितके जास्त, फसवणूक तितकी मोठी. यावर माझा उपाय साधा आहे: प्रत्येक ब्लॉकच्या शेवटीही एक छोटं व्हॅलिडेशन घ्यायचं, ज्यावर काहीही अवलंबून नाही. पास-नापास नाही, पुन्हा करणं नाही, फक्त नोंद. निबंधात मी हाच आकडा देते. तो सुरुवातीच्या आकड्यापेक्षा थोडा वाईट असतो, पण डेटा प्रत्यक्षात ज्या अवस्थेत गोळा झाला तिच्या जवळचा असतो. चार ठिपक्यांना दहा-बारा सेकंद लागतात.

ब्लॉक चालू असतानाच्या काळासाठी ड्रिफ्ट चेक, म्हणजे नजर अजून जागेवर मिळते का याची छोटी तपासणी, आहेच. प्रत्येक वाक्याआधी, पहिला शब्द जिथे येणार तिथे ठिपका, आणि नजर त्याच्या एका अंशाच्या आत सलग ३०० मिलिसेकंद राहिली की वाक्य उघडतं. पाच सेकंदांत तसं झालं नाही तर छोटं व्हॅलिडेशन, तेही बिघडलेलं असेल तर कॅलिब्रेशन. म्हणजे तुमच्या सहा ब्लॉकांच्या सहा ठरलेल्या कॅलिब्रेशनऐवजी ते गरजेनुसार होईल. शांत बसणाऱ्याला दोनदाच लागेल, चुळबुळ्याला नऊ वेळा. एक मोह मात्र टाळा: दर वेळी ठिपका आणि नजर यांतला फरक मोजून तो पुढच्या डेटातून आपोआप वजा करत राहणं. ऐकायला छान वाटतं, पण एका ठिपक्यावर सहभागीने आळस केला की तो आळस पुढच्या अख्ख्या वाक्यावर चढतो. आयलिंक १००० प्लस मूळ सेटिंगमध्ये इथे फक्त तपासतो, दुरुस्ती करत नाही, आणि ते बरंच आहे.

लॅबमध्ये टोबी या दुसऱ्या कंपनीचा ट्रॅकर असणाऱ्यांसाठी दोन ओळी. तिथे हे काम आयलिंकपेक्षा सरळ आहे, कारण त्यांच्या एसडीकेमध्ये (प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठीच्या संचात) कॅलिब्रेशनचे तुकडे वेगळे करूनच दिले आहेत: मोड सुरू करा, एका जागेचा डेटा गोळा करा, सगळ्यांवरून गणित बसवा, नको तो ठिपका टाकून तेवढाच पुन्हा घ्या. जागा ० ते १ या मापात द्यायच्या असतात, पिक्सेलमध्ये नाही, यावर पहिल्या दिवशी सगळेच ठेचकाळतात. ठिपका दाखवल्याबरोबर डेटा गोळा करण्याची आज्ञा देऊ नका, डोळा पोचायला वेळ द्या किंवा इथेही बटणाची वाट बघा. आणि मॉडेलनुसार काही यंत्रं ठिपका बिघडल्याचं त्याच क्षणी सांगतात, काही शेवटी गणित बसवताना. स्क्रिप्टमध्ये दोन्ही ठिकाणी तपासणी हवी.

सगळं लिहून झालं की पहिला सहभागी बोलावण्याआधी स्क्रिप्टला स्वतःच फसवून बघा. एक डोळा मिटा. मध्येच डोकं दोन सेंटीमीटर मागे घ्या. एका कोपऱ्यात मुद्दाम भलतीकडे बघा. खिडकीचा पडदा उघडा. प्रत्येक वेळी ती योग्य ठिकाणी थांबते का, योग्य कारण लॉगमध्ये लिहिते का, हे बघायला एक दुपार पुरते. माझ्या स्क्रिप्टने हे सगळं पकडलं, आणि एक गोष्ट पकडली नाही. कॅलिब्रेशनच्या आणि व्हॅलिडेशनच्या प्रत्येक ठिपक्याला मी बोटभर उजवीकडे बघत राहिले. निकाल उत्तम आला. येणारच, कारण ठिपका कुठे आहे हे यंत्राला मीच सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा एकच खोटं सांगितलं होतं.

त्यावर मी आता एवढं करते: व्हॅलिडेशनच्या ठिपक्याच्या मध्यभागी बारीक वर्तुळ असतं, त्याला डावीकडे किंवा उजवीकडे फट, आणि सहभागीने फट ज्या बाजूला आहे तिकडचं बटण दाबायचं. फट एवढी बारीक ठेवायची की थेट बघितल्याशिवाय बाजू ओळखता येऊ नये. बोटभराची लबाडी यात दर वेळी सापडेलच असं नाही, पण कंटाळून स्क्रीनच्या मध्यावर नजर ठेवून नुसतं बटण दाबत सुटणारा माणूस चौथ्या-पाचव्या ठिपक्यापर्यंत चुकतोच, आणि मग घंटी वाजते.